नांदण्याचा परवाना

खान्देशात लग्न जमवताना माणसाच्या चपला झिजतात. पण एकदा लग्न लागलं की मुलगी सासरी कशी पोचवायची, हा प्रश्न काही कुणाला पडत नाही. शिरपूरची मुलगी धुळ्याला दिली, यावलची जळगावला दिली, गाडी जुंपली, आयाबायांनी डोळ्यांना पदर लावला, झालं! बहिणाबाई चौधरी असोद्याहून जळगावला नांदायला आल्या तेव्हा वेशीवर कुणी त्यांना 'हे लग्न खरंच झालं आहे, याला पुरावा काय?' असं विचारलं नसणार. परतीची व्यवस्थाही पिढ्यान् पिढ्या ठरलेली. आखाजी जवळ आली की भाऊ मुराळी म्हणून दारात हजर. मुदत संपली की मुलगी पुन्हा सासरी. शिक्का नाही, फॉर्म नाही, फोटो नाही.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिला. माणूस टोळ्यांनी हिंडत होता तेव्हापासूनचा सगळा हिशेब त्यांनी मांडला, पण व्हिसाचं प्रकरण त्यात नाही. १९२६ च्या वर्षअखेरीस ते धुळ्यातच वारले आणि ते प्रकरण राहून गेलं. धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. तिथल्या अभ्यासकांना याहून महत्त्वाची कामं असल्यामुळे हे राहिलेलं प्रकरण मीच लिहायला घेतलं आहे. राजवाड्यांची शिस्त माझ्यापाशी नाही. त्यांचा रागही नाही, तेवढंच वाचकांचं नशीब.

या इतिहासात आपल्याकडचं पहिलं ठळक जोडपं म्हणजे आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी. १८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसून एकट्या अमेरिकेला गेल्या. गोपाळराव पोस्टातली नोकरी सांभाळत मागे राहिले आणि नंतर तिकडे पोचले. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या तेव्हा ते तिथे हजर होते. म्हणजे बायको शिकायला पुढे आणि नवरा मागून! हल्लीच्या भाषेत ज्याला 'डिपेंडंट' म्हणतात, तो आपल्याकडचा आद्य डिपेंडंट चक्क कोकणस्थ नवरा होता. त्या काळी अमेरिकेने चिनी मजुरांना दार लावून घेतलं होतं, पण गोपाळरावांसारख्याला व्हिसा लागत नव्हता. आज ते गेले असते तर विद्यार्थिनीचा नवरा म्हणून त्यांना राहता आलं असतं, नोकरी करता आली नसती. घरात बसून राहणारे गोपाळराव! ज्यांनी त्यांचं चरित्र वाचलं आहे त्यांनी क्षणभर डोळे मिटून आनंदीबाईंची अवस्था डोळ्यांसमोर आणावी.

पुढे मात्र दारं एकेक करून लागत गेली, आणि दारामागचा माणूस विचारू लागला, 'ही तुमची बायको कशावरून?'

जळगावचं गांधीतीर्थ पाहायला आलेल्या पाहुण्यांना मी हटकून एक कोडं घालतो. कस्तुरबा पहिल्यांदा तुरुंगात कशासाठी गेल्या? कुणी मीठ म्हणतं, कुणी खादी म्हणतं. खरं उत्तर 'लग्नासाठी' असं आहे. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला राहणाऱ्या हसन इसपने हिंदुस्थानात येऊन लग्न केलं. बायको बाई मरियम तिकडे जायला निघाली, तर सरकारने तिला प्रवेश नाकारला. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करायची मुभा आहे त्या धर्माच्या विधीने लागलेलं लग्न इथल्या कायद्याला मान्य नाही. तेव्हा ही मुभा हिंदूंनाही होती. त्यामुळे ज्यांनी जन्मात दुसरीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं त्यांचीही लग्नं एका कागदाने अधांतरी लोंबकळू लागली. त्या सप्टेंबरात कस्तुरबा सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर सरहद्द ओलांडून गेल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या. १९१४ साली कायदा झाला आणि एका नवऱ्याची एक बायको सरकारने मान्य केली. लग्नाला तीस वर्षं होऊन गेलेल्या, चार मुलांच्या आईला 'मी बायको आहे' हे ठरवून घेण्यासाठी तुरुंगात जावं लागलं. आमच्याकडे नवी सून 'मला इथे कुणी विचारत नाही' म्हणून रुसते, तेव्हा मला कस्तुरबा आठवतात. पण तसं बोलून दाखवण्याइतका मी धीट नाही.

अमेरिकेने १९१७ साली हिंदुस्थानासकट बराचसा आशिया कुंपणाबाहेर ठेवला. १९४६ साली फट उघडली ती वर्षाला शंभर माणसांपुरती. आमच्याकडे शंभर माणसं साखरपुड्याला येतात, आणि तरी जिभाऊ-मामांकडचे राहिले म्हणून कुरकुर होते! १९६५ च्या कायद्याने खरं दार उघडलं. एका देशामागे वीस हजारांची मर्यादा घातली, पण अमेरिकन नागरिकाची बायको किंवा नवरा त्या मोजणीतून वगळला. १९७० साली तर नुसतं लग्न ठरलेल्या मुलीसाठीही वेगळा व्हिसा काढला. अट एवढीच, की पोचल्यावर नव्वद दिवसांत लग्न लागलं पाहिजे. मुहूर्त नाही, अधिक महिना आहे, मामा रुसला आहे, यातलं एकही कारण चालत नाही.

१९८६ मध्ये कायदा कडक झाला. ठरलेल्या वधूवरांनी अर्जाआधीच्या दोन वर्षांत एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेलं असलं पाहिजे, असं आलं. मात्र ज्यांच्या रीतीभातीत लग्नाआधी भेटणं सक्त मना आहे, त्यांना सूट मागता येते. आमच्या आजोबांनी आजीचं तोंड अंतरपाट दूर झाल्यावर पाहिलं. म्हणजे जळगावबाहेर न गेलेले आजोबा अमेरिकन कायद्याच्या एका पोटकलमात अगदी चपखल बसत होते.

इंग्लंडची तऱ्हा निराळी. १९७९ च्या सुरुवातीला हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय बाईची, ती कुमारिका आहे की नाही हे ठरवायला, शरीरतपासणी केली गेली. वर्तमानपत्रात ते छापून आलं, आपल्या सरकारने निषेध केला, आणि तो प्रकार थांबला. यावर विनोद होत नाही. पुढे 'हे लग्न मुख्यतः इंग्लंडात शिरण्यासाठी केलेलं नाही' हे अर्जदाराने सिद्ध करायचा नियम आला. मनात एखादी गोष्ट नाही हे माणूस सिद्ध कसं करणार? बायकांना नवरा आणायला जास्त अडथळे आहेत हा अन्याय आहे, असं १९८५ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ठणकावलं. तेव्हा इंग्रजांनी समता आणली. म्हणजे तेच अडथळे पुरुषांच्याही वाटेत घातले. तो नियम १९९७ साली गेला. २०१२ मध्ये बोलावणाऱ्याच्या कमाईची अट आली, वर्षाला १८,६०० पौंडांची. २०२४ च्या एप्रिलात ती २९,००० झाली. मुलाचा पगार विचारण्यात इंग्रज सरकार शेवटी आमच्या मुलीच्या मामाच्या पंगतीला येऊन बसलं.

हा सगळा इतिहास मी पुस्तकातून जमवत होतो, तोवर २०१५ साली तो आमच्या गल्लीतच उतरला. शेजारच्या जिभाऊंचा मुलगा अमेरिकेत. त्याला कायम राहण्याचं ग्रीन कार्ड मिळालं, म्हणून पेढे वाटले आणि त्या आनंदात लग्न केलं. चुकलं ते क्रमात. लग्न आधी आणि कार्ड मागून, असं झालं असतं तर बायकोला नवऱ्याच्याच अर्जामागून जाता आलं असतं. कार्ड आधी, लग्न मागून, म्हणून तिला वेगळ्या रांगेत उभं राहावं लागलं. गंमत अशी, की तो तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरच राहिला असता तर बायको लगेच गेली असती. जो कायमचा झाला त्याची बायको रांगेत, आणि ज्याचा उद्याचा भरवसा नाही त्याची विमानात! पत्रिका जुळवणाऱ्याने मंगळ पाहिला, नाडी पाहिली. कार्डाची तारीख पाहायचं त्याच्या शास्त्रात नव्हतं.

मग पुराव्यांची जमवाजमव सुरू झाली. जिभाऊ वैतागून म्हणाले, "आख्खा गावनी लगीन दखं, मंग पुरावा कसाले जोयजे?" त्यांचं खरं होतं. सातशे माणूस वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी जेवून गेलं होतं. पण सातशे ढेकरांची नोंद कुठल्या रजिस्टरात नसते. नोंदणीचा दाखला काढला, पत्रिका काढली, आहेराची वहीसुद्धा काढली. फोटोंचा अल्बम उघडला तर नवरी एकाही फोटोत हसलेली नाही. आमच्यात नवरीने हसायचं नसतं, हे त्या खिडकीतल्या माणसाला कोण सांगणार? ओसरीवर तालीम झाली. मी साहेब झालो. "पहिली भेट कुठे?" सून म्हणाली, "पोह्यांच्या वेळी. पण नाना, तेव्हा मी वर पाहिलंच नव्हतं."

त्या मुलीच्या दोन आखाज्या तशाच गेल्या. झोका बांधला जायचा, मैत्रिणी सासरहून यायच्या, चार दिवस खेळून परत जायच्या. हिला ना धड सासर ना माहेर. रात्री सगळे निजल्यावर ती गच्चीवर फोन घेऊन बसायची, कारण तिकडे तेव्हा सकाळ असायची. बायाबापड्या कुजबुजत, 'मुलाने टाकली की काय?' सुनेला रांग समजली होती. गल्लीला समजावणं तिच्या हाती नव्हतं. शेवटी मुंबईला बोलावणं आलं. सव्वाचारशे किलोमीटर जाऊन पाच मिनिटांत काम झालं. पंधरा दिवसांनी सून विमानात बसली.

आता जिभाऊ आणि वहिनी नातवाला पाहायला निघाले आहेत. त्यांचा व्हिसा पाहुण्याचा, आणि परीक्षा बरोबर उलटी. सुनेने सिद्ध करायचं होतं की ती तिथेच राहणार. यांनी सिद्ध करायचं आहे की हे तिथे राहणार नाहीत. फाइल घेऊन जिभाऊ माझ्याकडे आले. मी विचारलं, "परत येणार याला पुरावा काय?"

जिभाऊंनी फाइल मिटली. म्हणाले, "नवती केळी सोडून मी कुठे राहतो भो? नाना, तुम्ही फक्त पाण्याच्या बारीकडे लक्ष ठेवा."