भूगर्भातील तटबंदी

परभणी जिल्ह्याच्या भूमीत धातूची खाण नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या आश्रयाने वसलेल्या या प्रदेशाच्या तळाशी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या उद्रेकांतून थरावर थर साचून सिद्ध झालेला काळा पाषाण आहे, आणि त्यावर कापूस, ज्वारी व तूर पिकविणारी चिकण काळी माती आहे. तथापि खाणीत शिरणारे पाणी थोपविण्यासाठी आणि खाणीतून बाहेर जाणाऱ्या दूषित पाण्यापासून भोवतालच्या विहिरी वाचविण्यासाठी जी विद्या गेल्या दीडशे वर्षांत वाढीस लागली, तिचेच एक रूप मराठवाड्याच्या या पाषाणात केवळ लोकांच्या पिण्याच्या पाण्यासाठी अवतरले. आणि त्याच्याही कित्येक शतके आधी येथील पाथरवटांनी भूजलाभोवती घडीव दगडांचे कोट बांधून ठेवले होते. हे दोन्ही उद्योग एकाच परंपरेचे आहेत, असे मला वाटते.

काळ्या पाषाणाला स्वतःची अशी ओल फारशी नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, खडकाच्या चिरांत, आणि मांजऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सच्छिद्र थरांत. पावसाळ्यात मुरलेले हे पाणी उताराच्या दिशेने चिराचिरांतून सरकत नाल्याला व नदीला मिळते, आणि म्हणून भाद्रपदात काठोकाठ भरलेली विहीर चैत्रात तळ दाखविते. अशा भूमीत पाणी शोधण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते राखणे कठीण असते.

या राखणीचे सर्वांत जुने साधन म्हणजे बारव. सेलू तालुक्यातील वालूरच्या बारवेत पायऱ्या चक्राकार फिरत पाण्यापर्यंत उतरतात. जिंतूर तालुक्यातील चारठाण्यास प्राचीन देवालयांच्या सान्निध्यात बारव आहे. चुन्याशिवाय रचलेल्या घडीव चिऱ्यांच्या या भिंती मुरमाला ढासळू देत नाहीत आणि सांध्यांतून झिरपणाऱ्या पाण्याला मात्र वाट देतात. भिंतींतील देवकोष्ठांत मूर्ती स्थापण्यामागे धर्मभावना होतीच. परंतु ज्या जलाशयात देवता वसते तेथे घाण टाकण्यास मनुष्य धजत नाही, हा व्यावहारिक लाभही त्यात होता. दगडी भिंतीने मातीला अडवावे आणि श्रद्धेने माणसाला, अशी ही दुहेरी तटबंदी होती.

पुढे हा मुलूख निजामाच्या अमलाखाली गेला. निजामाचा दिवाण सालारजंग याने १८६५ मध्ये हैदराबाद संस्थानाची जिल्हाबंदी केली आणि महसुलाच्या दप्तरात जमिनीची खुश्की (कोरडवाहू), तरी (ओलिताची) व बागात (बागायती) अशी प्रतवारी स्थिर झाली. विहिरीवरील मोटेने भिजणाऱ्या मोटस्थळ जमिनीचा आकार निराळा असल्यामुळे विहिरीला सरकारी कागदात स्थान मिळाले. पण ते महसुलाचे साधन म्हणून. पाण्याची शुद्धता आणि गाळाचा उपसा ही गावाची चाल होती. तिला दप्तराचा आधार नव्हता. गावगाडा मजबूत होता तोवर ती चालली, आणि तो मोडकळीस आला तसतशा बारवा गाळाने व झाडोऱ्याने भरत गेल्या.

या जुन्या रचनेत एक उणीवही होती, आणि ती लपविणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. पायऱ्या उतरून मनुष्य थेट पाण्यात पाय ठेवीत असे आणि त्यातून नारूचा प्रसार होई. ज्या राज्यांत हा रोग घर करून होता त्यांत महाराष्ट्रही होता. १९८० नंतरच्या निर्मूलन मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरींना कठडे घालून त्यांचे आडांत रूपांतर करणे, पाणी गाळून पिणे आणि हातपंप बसविणे हे प्रमुख उपाय ठरले, आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. कंबरभर उंचीच्या साध्या कठड्याने येथे औषधाचे काम केले.

दरम्यान जगाच्या दुसऱ्या भागात खाणींच्या निमित्ताने निराळी विद्या घडत होती. १८८३ मध्ये पोएट्श या जर्मन अभियंत्याने पाणथळ जमीन गोठवून तिच्यातून खाणीचा कूप खाली नेण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियमच्या अल्बेर फ्रांस्वाने खडकाच्या चिरांत दाबाखाली सिमेंटचा पातळ रस भरण्याची पद्धत रूढ केली. पुढे छिद्रांची रांग घेऊन सिमेंटचा अखंड पडदा उभारणे, किंवा खोल चर खणून त्यात बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीची भिंत भरणे, हे खाणकामाचे अंग झाले. असा पडदा नसेल तर काय होते, हे गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींनी दाखविले. भूजलाच्या पातळीखाली उतरलेल्या खड्ड्यांतून अहोरात्र उपसा झाला, आणि डिचोली तालुक्यातील शिरगावच्या विहिरी आटल्याचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले.

परभणीस ही विद्या आली ती दुष्काळाच्या मार्गाने. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, आणि गावोगाव विंधण विहिरी घेतल्या जात असतानाच तिच्या भूवैज्ञानिकांनी पाणी अडविण्याचेही उपाय योजिले. नाल्याच्या पात्रात आडवा चर थेट कठीण पाषाणापर्यंत खोदून तो चिकणमातीने किंवा बांधकामाने भरावयाचा, म्हणजे वरून पूर निर्वेध वाहतो आणि खालचा पाझर तेवढा अडतो. हा भूमिगत बंधारा. विहिरीच्या खालच्या अंगास छिद्रांची रांग घेऊन चिरांत सिमेंट भरावयाचे, म्हणजे पाणी विहिरीभोवतीच्या खडकात थांबते. हे खाणीतल्या सिमेंटच्या पडद्याचेच भावंड. अशा बंधाऱ्याखाली कोणाची जमीन बुडत नाही, त्यातील पाणी उन्हाने उडून जात नाही आणि त्यास गाळाचे भय नाही. विशेष असे की ज्या बेंटोनाइटने परदेशी खाणींच्या भिंती भरल्या जातात, त्यातील मुख्य खनिज आणि परभणीच्या काळ्या मातीला चिकटपणा देणारे खनिज ही एकाच कुळातील आहेत. पावसात पायाला लोळ चिकटविणारी हीच माती ओली असता पाण्याला वाट देत नाही.

कायदाही हळूहळू या प्रश्नाकडे वळला. पिण्याच्या पाण्यासाठी केलेल्या राज्याच्या १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याने अधिसूचित क्षेत्रांत ६० मीटरांपेक्षा खोल विहिरींना आळा घातला. परंतु उपसा रोखणारा कायदा आणि भिंत जपणारी व्यवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कोणतीही भिंत ती सांभाळणाऱ्याहून अधिक काळ टिकत नाही, हा या सर्व इतिहासाचा निष्कर्ष आहे. खाणीतील धातू एक दिवस संपतो, पण तेथील दूषित पाणी त्यानंतरही कित्येक पिढ्या थोपवून धरावे लागते. म्हणून खाण बंद करणाऱ्यावर त्या पडद्याच्या देखरेखीची जबाबदारी टाकणे न्याय्य ठरते. बारवेच्या बाबतीत ही जबाबदारी गावाची होती, आणि ती सुटताच शतकांचे बांधकाम गाळाखाली गेले. अलीकडे वालूरच्या ग्रामस्थांनी आपली बारव स्वच्छ केली तेव्हा ती जबाबदारी पुन्हा हाती घेतली गेली. भूमिगत बंधारा तर डोळ्यांनाही दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याचा विसर पडण्यास एक पिढीही पुरे होते. म्हणून प्रत्येक मौजाच्या ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातील बारवा, आड आणि भूमिगत बंधारे यांची स्थाननिश्चिती करून, त्यांची देखभाल कोणाकडे आहे हे आपल्या दप्तरात लिहून ठेवावे आणि दरवर्षी ग्रामसभेत ते वाचून दाखवावे. निजामी दप्तराने विहीर नोंदविली ती कर घेण्यासाठी. आपण ती नोंदवावी ती आपले कर्तव्य ठरविण्यासाठी.