कंपाची कुळकथा

व्हायोलिनच्या तारेवर टेकलेलं बोट किंचित हलवलं की स्वर डोलू लागतो. सेकंदाला पाच-सहा वेळा तो वर-खाली होतो आणि कानाला जिवंत वाटतो. १९६७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाऊनिंग संगणकावर असाच कंप तयार करत होते. ते मूळचे तालवादक आणि रचनाकार, पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकून आलेले. त्यांनी कंपाचा वेग वाढवत नेला, खोलीही वाढवली. एका टप्प्यानंतर डोलणं ऐकू येईनासं झालं आणि त्या जागी एक वेगळाच, भरीव नाद उभा राहिला. एफएम, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन, सिंथेसिसचा जन्म असा झाला, आधी कानाने. गणित मागून आलं.

ते गणित सोपं आहे. सेकंदाला ४०० कंपनांच्या स्वराला १०० कंपनांच्या दुसऱ्या स्वराने हलवलं, तर मूळ स्वराच्या दोन्ही बाजूंना ५०० आणि ३००, ६०० आणि २०० असे नवे उपस्वर उगवतात. ते सगळे शंभराच्या पटीत, म्हणून नाद सुरेल. १०० च्या जागी २७३ घ्या, उपस्वरांचं एकमेकांशी नातं तुटतं आणि घंटेचा, पत्र्याचा आवाज येतो. हलवण्याची खोली वाढवली की आवाज उजळतो. त्या काळी इतके उपस्वर एकेक करून रचायला डझनांनी आंदोलक (ऑसिलेटर) लागत. इथे दोन पुरले. पुढे रचनाकार झां-क्लोद रिसे यांचं ट्रम्पेटच्या आवाजावरचं काम चाऊनिंग यांना आठवलं. पितळी वाद्य जोरात फुंकलं की त्याचा आवाज नुसता मोठा होत नाही, उजळतोही. चाऊनिंग यांनी तोच उजेड या खोलीला जोडला आणि संगणकातून पितळी वाद्य बोलू लागलं.

हॅमंडसारख्या अमेरिकन ऑर्गन कंपन्यांना यात काही दिसलं नाही. जपानच्या यामाहाचे तरुण अभियंते काझुकियो इशिमुरा यांना मात्र ते लगेच उमगलं. १९७७ साली या तंत्राला पेटंट मिळालं आणि १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथसायझर बाजारात आला. सहा ऑपरेटर, म्हणजे एकमेकांना हलवणारे आंदोलक, त्यांच्या जोडणीचे ३२ प्रकार, एका वेळी सोळा स्वर. त्याच्या इलेक्ट्रिक पियानोने त्या दशकातली हळवी इंग्रजी गाणी भरून टाकली.

वादक हरखले आणि तितकेच वैतागले. जुन्या सिंथसायझरवर प्रत्येक गोष्टीला एक नॉब होता. इथे गुळगुळीत बटणं, दोन ओळींचा छोटा पडदा आणि आकडे बदलायला एकच सरकपट्टी. संगीतकार ब्रायन इनोसारख्या चिकाटीच्या माणसांनी त्यातून स्वतःचे आवाज घडवले. पुष्कळ जणांनी कारखान्यातून आलेले आवाजच वाजवले. एफएम अवघड असतं ही समजूत तेव्हापासूनची. माझ्या मते अवघड होतं ते यंत्राचं तोंड.

मग एफएम चिपांमध्ये शिरलं. संगणकाच्या साउंड कार्डांत, सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलमध्ये, पुढे कित्येक मोबाइलच्या पॉलिफोनिक रिंगटोनमध्येही. नाव माहीत नसताना तुम्ही ते ऐकलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

ग्रूव्हबॉक्सचं कूळ वेगळं. ताल, बास आणि ठेक्यांची नोंद ठेवणारा सीक्वेन्सर एकाच खोक्यात आणायचा, ही त्यातली कल्पना. हा शब्द रोलँडने १९९६ साली एमसी-३०३ या यंत्रासाठी वापरला. त्याच्या चौदा वर्षं आधी चरणजित सिंग यांनी मुंबईत रोलँडच्याच टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या खोक्यांच्या साथीने दहा राग वाजवून ठेवले होते. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा तो अल्बम.

दोन्ही कुळांची सोयरीक अलीकडची. कोर्गच्या व्होल्का एफएमने २०१६ मध्ये डीएक्स-७ चे आवाज तळहाताएवढ्या खोक्यात आणले. स्वीडनमधल्या इलेक्ट्रॉनने २०१८ मध्ये डिजिटोन काढला आणि २०२० मध्ये त्याहून साधा मॉडेल सायकल्स. यात सहा ट्रॅक आणि बोटांनी वाजवायचे सहा पॅड. ऑपरेटर कुठेच दिसत नाहीत. नॉबांवर कलर, शेप, स्वीप, कॉन्टूर अशी नावं आहेत. गुणोत्तरं आणि खोली त्यांच्या मागे.

यावर वादकांमध्ये दोन तट पडले. जुने जाणकार म्हणतात, एफएम दिलं पण त्याची किल्ली दिली नाही. आवाज मुळापासून रचता येत नाही. प्लास्टिकचं अंग आणि कडक पॅड यांचीही तक्रार झाली. दुसरे खूश आहेत ते वेगामुळे. शिवाय इथे प्रत्येक ठोक्याला नॉबची वेगळी जागा लावून ठेवता येते, आणि एफएममध्ये जरासा बदलही आवाज पार पालटतो. त्यामुळे एकाच ट्रॅकवर आधी लाकूड, मग पत्रा, मग घंटा असं ऐकू येतं. दहा मिनिटांत ठेका हलू लागतो.

जाणकारांची तक्रार खरी आहे, तरी मी दुसऱ्यांच्या बाजूने आहे. डीएक्स-७ ने हे तंत्र आकड्यांत नेलं होतं, या खोक्याने ते परत कानापाशी आणलं. असं एखादं तुमच्या हाती आलं, तर माहितीपुस्तिका बाजूला ठेवा. एक साधा सूर लावा, नॉब सावकाश फिरवा आणि त्याची घंटा नेमकी कुठे होते ते कानाने पकडा. १९६७ साली चाऊनिंग हेच करत होते.