'भाव' कोणता, हे संगणकालाही सांगावे लागते

दर्यापूर : 'कापसाचा आजचा भाव काय?' हा दर्यापूर तालुक्यात हंगामभर कानी पडणारा प्रश्न. बाजार समितीच्या आवारात तो विचारला, तर उत्तर देणारा माणूस विचारणाऱ्याचा आशय संदर्भावरून ओळखतो. तोच प्रश्न मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला विचारल्यास उत्तराचा खरेखोटेपणा बऱ्याच अंशी एका लहानशा परिच्छेदावर अवलंबून असतो. हा परिच्छेद शेतकऱ्याला कधीच दिसत नाही. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी तो एजंटासाठी लिहिलेला असतो. त्याला 'टूल डिस्क्रिप्शन' म्हणजे साधनाचे वर्णन असे म्हणतात.

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये 'महाअ‍ॅग्री-एआय' धोरणाला मंजुरी दिली. शेतीविषयक सल्ला देणारे 'महाविस्तार' हे अ‍ॅपही त्याच वर्षी सुरू झाले. अशा सेवांचा प्रसार होत असताना या वर्णनांचे महत्त्व वाढले आहे.

एजंटाचे काम कसे चालते?

भाषेचे प्रारूप, म्हणजे लँग्वेज मॉडेल, स्वतः बाजारात डोकावत नाही. आजचा भाव, हवामान किंवा अर्जाची स्थिती जाणून घेण्यासाठी त्याला अन्य सॉफ्टवेअरकडे मागणी नोंदवावी लागते. दोन सॉफ्टवेअरमधील या देवाणघेवाणीच्या ठरीव पद्धतीला एपीआय म्हणतात. वापरकर्त्याच्या प्रश्नासोबत मॉडेलला उपलब्ध साधनांची यादी दिली जाते. त्यात प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला पुरवायची माहिती नमूद असते. त्यावरून मॉडेल साधन निवडते व मागणी तयार करते. साधनामागील प्रोग्राम त्याला सहसा दिसत नाही; वर्णन हाच त्याचा आधार. 'ओपन एआय'ने २०२३ मध्ये ही सोय विकासकांना खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'अँथ्रॉपिक'ने मांडलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मुळे साधने जोडण्याची सामाईक पद्धत उपलब्ध झाली.

एका शब्दाचे तीन अर्थ

समजा, 'कापसाचा भाव देते' एवढेच वर्णन लिहिले. 'भाव' म्हणजे बाजारातील दर की केंद्राने जाहीर केलेला हमीभाव? २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये, तर लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. लिलावातील दर याहून वेगळा असू शकतो. शिवाय शेतकरी सरकीसह कापूस क्विंटलवर विकतो. सरकी काढलेल्या रुईचा व्यवहार सुमारे ३५६ किलोच्या खंडीवर होतो. खंडीचा आकडा क्विंटलचा म्हणून सांगितला गेला, तर त्या भरवशावर गाडी भरणाऱ्याची फसगत ठरलेली.

गावाच्या नावाचेही तसेच. जनगणनेत या शहराची नोंद 'दर्यापूर बनोसा' अशी आहे, तर बोलण्यात नुसते दर्यापूर येते. अमरावतीचे इंग्रजी स्पेलिंगही सर्वत्र एकसारखे नसते. कोणते नाव ग्राह्य धरले जाते, हे वर्णनात नसेल तर एजंट अंदाज बांधतो.

नेमके वर्णन कसे असावे?

त्याच साधनाचे वर्णन असे लिहिता येईल : 'निवडलेल्या बाजार समितीतील, निवडलेल्या दिवसाचा, सरकीसह कापसाचा किमान, कमाल व सर्वसाधारण दर रुपये प्रतिक्विंटल देते. हमीभाव किंवा रुईच्या दरासाठी वापरू नये. बाजार समितीचे नाव सोबतच्या यादीतीलच द्यावे. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी. उत्तर रिकामे आल्यास त्या दिवसाची नोंद नाही असे समजावे. दर शून्य आहे असे सांगू नये.'

यातील प्रत्येक वाक्य एक संभाव्य चूक टाळते. तारखेचा क्रम दिला नाही, तर ०५-०६ हा आकडा पाच जून की सहा मे, असा घोळ होतो. सुटीच्या दिवशी लिलाव होत नाहीत; त्या दिवशीचे रिकामे उत्तर 'भाव शून्य' म्हणून पुढे जाण्याचा धोका असतो.

साधनांची नावेही परस्परांहून स्पष्ट वेगळी असावी लागतात. चूक झाल्यास येणारा संदेश केवळ 'त्रुटी' असा नसावा. 'हे नाव यादीत नाही, यादीतील नाव द्या' असे सांगितल्यास एजंट स्वतः दुरुस्ती करू शकतो. नोंदणी करणे, अर्ज रद्द करणे अशा परत न फिरवता येणाऱ्या कामांच्या वर्णनात 'आधी वापरकर्त्याची संमती घ्यावी' असे लिहावे. मात्र केवळ या सूचनेवर न विसंबता संमतीची अट प्रोग्राममध्येही घालावी लागते. वर्णनाचा पाल्हाळही उपयोगाचा नाही. प्रत्येक शब्द मॉडेलच्या मर्यादित स्मरणकक्षेत जागा व्यापतो.

कसोटी गावच्या प्रश्नांची

वर्णन लिहून झाल्यावर ते खऱ्या प्रश्नांवर तपासावे लागते. दर्यापूर तालुका पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. 'विहिरीच्या पाण्यावर हरभरा घेता येईल का?' असे येथे विचारले, तर पावसाचा अंदाज देणारे साधन अपुरे ठरते. पाण्याच्या क्षारतेची माहिती लागते. ती कोणत्याही साधनाकडे नसेल, तर तसे स्पष्ट सांगण्याची आणि पाणी तपासून घेण्याचा सल्ला देण्याची सूचना एजंटाला हवी. असे प्रश्न शहरातील कार्यालयात बसून सुचतीलच असे नाही. म्हणून वर्णनाचा मसुदा बाजार समितीचे कर्मचारी, कृषी सहायक आणि शेतकरी यांना वाचून दाखवणे, त्यांच्या शंकांनुसार तो बदलणे आणि एजंटाची उत्तरे पुन्हा पडताळणे, हा या कामाचाच भाग ठरतो.