चोराच्याच वाटेने

क्रिप्टोचलनाची चोरी होत असताना स्वयंसेवकांनी धावून जायची रीत इथेरियम या ब्लॉकचेनवर पडली. १७ जून २०१६ रोजी ‘द डाओ’ या सामायिक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचे चलन) वळवले गेले. मग काही प्रोग्रामरांनी चोराला सापडलेल्याच फटीतून उरलेला निधी आपल्याकडे ओढून घेतला. १९ जुलै २०१७ च्या ‘पॅरिटी’ वॉलेटांच्या प्रकरणातली चूक तर फारच साधी होती. वॉलेटचा मालक ठरवणारी आज्ञा एकदाच चालायला हवी. इथे ती कुणालाही पुन्हा देता येत होती. चोराने तीन वॉलेटांतून दीड लाखाहून अधिक इथर नेले. ‘व्हाइट हॅट ग्रुप’ या स्वयंसेवकांच्या गटाने बाकीची वॉलेटे स्वतःच फोडली, ३ लाख ७७ हजार इथर बाहेर काढले आणि नंतर मालकांना परत केले. परवानगी कुणाचीच घेतलेली नव्हती. पैसे परतले म्हणून त्याला बचाव म्हणायचे.

महाराष्ट्रातला अनुभव कडू आहे. ‘गेनबिटकॉइन’ या गुंतवणूक योजनेने १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवले. सूत्रधार अमित भारद्वाज २०१८ मध्ये पुणे पोलिसांच्या हाती लागला. तपासात मदतीला बाहेरचे दोन तज्ज्ञ घेतले होते. मार्च २०२२ मध्ये, आरोपींच्या वॉलेटांतले चलन वळवल्याच्या आरोपावरून त्याच दोघांना अटक झाली. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा आरोप होता.

२०२३ मध्ये टेलिग्रामवर ‘सील ९११’ हा बॉट सुरू झाला. त्यावरचा निरोप पारखून घेतलेल्या स्वयंसेवकांच्या गटाकडे थेट जातो. तरी मोठ्या चोरीपुढे असे हात तोकडेच. १८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’ या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन गेले.

वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावातल्या फसलेल्या माणसाचे पैसे बहुधा यूपीआयने गेलेले असतात. त्याच्यासाठी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक आणि तालुक्याचे पोलीस ठाणे हाच पहिला आधार. रक्कम बँकेच्या खात्यात असेतो गोठवता येते, म्हणून पहिले काही तास मोलाचे. तिचे क्रिप्टोचलन होऊन ते वॉलेटात पोहोचले की एक्स्चेंजने किंवा टेदरसारख्या नाणे काढणाऱ्या कंपनीने अडवले तरच थांबते. याच वेळी ‘पैसे सोडवून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होतात. ते आगाऊ फी मागतात, नाहीतर वॉलेटचे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द. खऱ्या मदतनिसाला ते शब्द लागत नाहीत.