जेऊरच्या माळावरील दोन मिनिटे

दौंडहून सोलापूरकडे निघालेली गाडी भिगवण मागे टाकते आणि थोड्या वेळाने जेऊर नावाचे एक लहानसे स्थानक येते. विद्यार्थ्यांची सहल घेऊन या मार्गाने जाणाऱ्या शिक्षकांनी ती पाटी मुलांना जरूर दाखवावी. २२ जानेवारी १८९८ रोजी येथील माळावर कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे आणि आपल्या पुण्याच्या वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ कॅमेरे रोखून उभे होते. भरदुपारी सूर्याला खग्रास ग्रहण लागणार होते.

चंद्राची गडद सावली विजयदुर्गच्या बाजूने किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे विदर्भात जाणार होती. पुणे या पट्ट्याबाहेर पडत होते. जेऊर मात्र पट्ट्यात होते आणि रेल्वेवरही होते. सोलापूरपर्यंतचा लोहमार्ग १८६० मध्येच झाला असल्याने मण-मण वजनाच्या पेट्या येथवर आणता आल्या. मुंबई-पुण्यात त्या सुमारास प्लेगची साथ होती, हेही ध्यानात ठेवावे.

पुण्याच्या बाजूने आले होते कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये दिलेली ५,००० रुपयांची देणगी आणि मुंबई सरकारची तेवढीच रक्कम यांतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली वेधशाळा उभी राहिली. पुढे हेच कॉलेज अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली तेथील २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. जेऊरला नायगमवालांनी सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली आणि त्यांचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध केला.

लिक वेधशाळेच्या विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांचा कॅमेरा हा तर वर्गात शिकवण्याचाच विषय आहे. त्याच्या भिंगाचा व्यास अवघा ५ इंच, पण नाभीय अंतर ४० फूट. सूर्याची किंवा चंद्राची प्रतिमा किती मोठी पडेल, हे काढायचे तर नाभीय अंतराला सुमारे ११० ने भागावे. नेहमीच्या ५० मिलिमीटर भिंगाने चंद्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा दिसतो. हौशी मंडळींच्या १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत तो ११ मिलिमीटरचा होतो. जेऊरच्या कॅमेऱ्यात सूर्यबिंब सुमारे ११ सेंटिमीटरचे, म्हणजे बशीएवढे पडत होते!

अडचण अशी, की पृथ्वी फिरते. सूर्य दोन मिनिटांत आकाशात आपल्या बिंबाएवढा सरकतो आणि जेऊरला खग्रास स्थिती जवळजवळ तेवढाच वेळ टिकणार होती. काच स्थिर ठेवली असती, तर तिच्यावरील प्रतिमा सेकंदाला सुमारे ०.८ मिलिमीटर सरकली असती. चाळीस फुटांची नळी सूर्याबरोबर फिरवणे अशक्यच. म्हणून भिंग उंच मनोऱ्यावर पक्के बसवले आणि खाली अंधाऱ्या जागेत फोटोची काच घड्याळाच्या यंत्राने प्रतिमेबरोबर सरकत ठेवली. वाऱ्याने नळी हलली तरी भिंग हलू नये, यासाठी दोघांचे मनोरे एकात एक पण वेगवेगळे बांधले होते. ही युक्ती आम्हाला भिंगाइतकीच मोलाची वाटते. कॅम्पबेल यांच्या पत्नी एलिझाबेथ आणि काही स्वयंसेवक मदतीला होते. आकाश स्वच्छ राहिले आणि काचांवर सूर्याचे प्रभामंडळ उमटले.

पृथ्वीच्या फिरण्याशी जेऊरला जो सामना झाला, तोच आजही प्रत्येक हौशी छायाचित्रकाराला करावा लागतो. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका शेतात आम्ही पहिल्यांदा मृगाचे छायाचित्र घेतले, तेव्हा कॅमेरा तिपाईवर ठेवून झाप एक मिनिट उघडी ठेवली. फिल्म धुऊन आली तेव्हा ताऱ्यांच्या जागी बारीक रेघा होत्या. पृथ्वी फिरते याचा पुरावा म्हणून ती फिल्म उत्तम होती, एवढेच.

ग्लासगोच्या जॉर्ज हेग यांनी १९७० च्या दशकात यावर सोपी तोड काढली. दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या. बिजागरीची कणी ध्रुवताऱ्याकडे रोखायची; दौंड-शिरूरला ती क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंश उचलावी लागते, कारण तेवढाच येथील अक्षांश. बिजागरीपासून २२.९ सेंटिमीटरवर असा स्क्रू बसवायचा, की ज्याच्या आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर आहे. घड्याळाकडे पाहत तो मिनिटाला एक फेरा याप्रमाणे फिरवला, की वरच्या फळीवरचा कॅमेरा आकाशाबरोबर चालतो. निदान पाच-दहा मिनिटे तरी चूक जाणवत नाही. शाळेच्या कार्यशाळेत एका दुपारी होणारे हे काम आहे. हिशेब मात्र मुलांकडूनच करवून घ्यावा.

पुण्याच्या त्या वेधशाळेचे पुढे काय झाले? १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करण्यात आली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. तेथे ती भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली गेली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर संस्थाच मिटावी, याची हळहळ वाटते. १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, तेव्हा पुण्याच्या हौशी निरीक्षकांना पुन्हा हक्काची जागा मिळाली. पुण्यातील एका शाळकरी मुलाने २०२१ साली घरच्या दुर्बिणीतून घेतलेल्या हजारो चौकटी संगणकावर एकत्र करून चंद्राचे छायाचित्र तयार केले आणि ते जगभर गाजले. एकच लांब फोटो घेण्याऐवजी पुष्कळ छोटे फोटो घेऊन ते जुळवायचे, ही आजची पद्धत.

पण चंद्र तेजस्वी आहे. तो शहरातूनही टिपता येतो. आकाशगंगेचा पट्टा आणि देवयानीतील दीर्घिका यांना अंधार लागतो. शिरूरकडे रांजणगावची आणि दौंडकडे कुरकुंभची औद्योगिक वसाहत झाल्यापासून त्या दिशांचे क्षितिज रात्रभर पिवळट असते. त्या शेतात फळ्यांचे यंत्र घेऊन आम्ही अलीकडे पुन्हा गेलो. पाच मिनिटे स्क्रू फिरवून घेतलेल्या छायाचित्रात मृगातील तेजोमेघ नीट उमटला, तारे टिंबांसारखे आले. खालचा एक-तृतीयांश भाग मात्र वसाहतीच्या दिव्यांनी धुऊन निघाला होता. हाच फोटो जून महिन्यात दक्षिणेकडच्या वृश्चिकाचा घेतला असता, तर त्याची नांगी बहुधा दिसलीच नसती.