वाकायला लावणारे पाणी

घरापुढील बागेत पाणी आणायचे म्हटले की प्रथम कारंजे आठवते. ते पाहणाऱ्याची मान उंचावते. सोळाव्या शतकातील जपानी चहागृहापुढे पाण्याची योजना झाली ती नेमक्या उलट हेतूने.

चहागृहाकडे नेणाऱ्या सावलीतील वाटेला 'रोजी', म्हणजे दवाची भूमी, म्हणतात. तिथे दगडात कोरलेले बुटके जलपात्र असते: 'त्सुकुबाई'. या शब्दाच्या मुळाशी उकिडवे बसण्याची क्रिया आहे. पात्रासमोर पाय ठेवण्यास सपाट दगड. दोन्ही बाजूंस एकेक दगड, एक थंडीतील ऊन पाण्याच्या भांड्यासाठी, दुसरा रात्रीच्या दिव्यासाठी. मधल्या खळग्यात सांडलेले पाणी जिरवणारे गोटे. भोवती नेचे आणि शेवाळ. पाहुणा वाकतो, बांबूच्या पळीने पाणी घेऊन हात-तोंड धुतो आणि मगच आत शिरतो. मग तो सरदार का असेना!

ही साधी चहापरंपरा घडवण्यात सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) याचा वाटा मोठा. त्याचा धनी तोयोतोमी हिदेयोशी याने मात्र चहासाठी सोन्याने मढवलेली खोली करवली होती. पुढे त्याच्याच हुकमाने रिक्यूला आत्महत्या करावी लागली.

तथापि, त्सुकुबाईला निव्वळ 'निसर्ग' म्हणणे आम्हांस पटत नाही. तिथे प्रत्येक दगडाची जागा ठरलेली आहे, शेवाळाचीही निगा राखावी लागते. हा साधेपणा आपसूक आलेला नाही. तो विचारपूर्वक रचलेला आहे. साहित्यातील साध्या शैलीविषयी बोलतानाही आपण हे ध्यानी ठेवावे, असे आम्हांस वाटते.