माथेरानची गाडी : एका पितापुत्राची हिंमत आणि आपली जबाबदारी

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने आपण अनेकदा गेला असाल. नेरळ स्टेशनात मोठ्या रेल्वेच्या रुळांशेजारीच अवघ्या दोन फुटांच्या अंतराचे दोन रूळ टाकलेले दिसतात आणि त्यांवर उभी असलेली छोटी गाडी पाहून मुले हरखून जातात. हीच माथेरानची गाडी. कोणी तिला झुकझुकगाडी म्हणतो, कोणी टॉय ट्रेन. परंतु विद्यार्थी मित्रांनो, जी वस्तू शंभराहून अधिक पावसाळे डोंगराच्या अंगाला बिलगून राहिली, तिला खेळणे म्हणणे न्यायाचे होणार नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की, ही रेल्वे सरकारने बांधली नाही, विलायतेतील कंपनीनेही बांधली नाही. मुंबईतील एका मुस्लिम कुटुंबाने ती स्वतःच्या पैशाने बांधली. आपल्यापैकी किती घरांत ही गोष्ट मुलांना सांगितली जाते?

प्रथम माथेरानविषयी थोडेसे. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० मध्ये या डोंगरावर चढले आणि येथील थंड हवेची कीर्ती मुंबईपर्यंत पोचली. पुढे १८५६ मध्ये जी. आय. पी. रेल्वेचा फाटा कल्याणहून खोपोलीकडे गेला आणि डोंगराचा पायथा मुंबईला जवळचा झाला. तरी नेरळपासून वरचा प्रवास पूर्वीसारखाच राहिला. ऐपतदार माणूस घोड्यावर किंवा पालखीतून जाई, गरीब माणूस डोक्यावर ओझे घेऊन पायी चढे. पायथा आणि माथा यांच्यात सुमारे साडेसातशे मीटरची चढण. या चढणीवर रेल्वे नेण्याचे स्वप्न ज्यांनी पाहिले, ते सर आदमजी पीरभॉय.

आदमजींचे मूळ काठेवाडातील धोराजीचे. दाऊदी बोहरा जमातीत त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. मुंबईत त्यांनी लहान वयात रस्त्यावर काड्यापेट्या विकल्या असे सांगतात. पुढे लष्कराला तंबू पुरविण्याच्या कंत्राटांतून त्यांचा जम बसला. धारावीत त्यांनी कातडी कमावण्याचा मोठा कारखाना उभारला. १८९७ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. १९०७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या पहिल्या वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. चर्नी रोडवरील त्यांचे सॅनेटोरियम त्यांच्या दानशूरपणाची साक्ष देत राहिले. आपल्या दृष्टीने विशेष सांगण्यासारखे म्हणजे, अलीगढच्या कॉलेजात विज्ञानाचे शिक्षण मिळावे म्हणूनही त्यांनी मोठी देणगी दिली. स्वतःला शाळेची संधी फारशी न मिळालेल्या माणसाने परप्रांतातील मुलांसाठी प्रयोगशाळेचा विचार करावा, यातच त्यांची दृष्टी दिसते.

माथेरानला आदमजींचे जाणे-येणे असे. रेल्वेची योजना १९०० च्या सुमारास आकाराला आली आणि ती पार पाडण्याचे काम त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी अंगावर घेतले. १९०४ मध्ये बांधकाम सुरू झाले. पैसा वडिलांचा, राबणे मुलाचे. सोळा लाख रुपये खर्च आला. त्या काळचे सोळा लाख! एवढ्या रकमेत मुंबईत चाळी बांधून निवांत भाडे खाता आले असते. त्याऐवजी हा पैसा कातळ फोडण्यात, भराव घालण्यात आणि मोऱ्या बांधण्यात गेला. २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली.

या कामी सल्लागार इंजिनिअर म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे लाभले होते. महाराष्ट्राला हे नाव परके नाही. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे हे त्यांचेच कर्तृत्व. बार्शीला रुळांतील अंतर अडीच फूट होते, माथेरानला ते दोन फूट ठेवावे लागले. कारण उघड आहे. डोंगराच्या कडेने वळायचे तर वळणे फार आखूड पडतात, आणि रूळ जितके जवळ तितके वळण आखूड घेता येते.

येथे क्षणभर थांबून या लोहमार्गाची रचना समजून घेऊ, कारण खरी विद्या तिच्यातच आहे. सपाट मुलखात रेल्वेला शंभर-दीडशे मीटर अंतरात एक मीटरची चढणही जड जाते. माथेरानच्या मार्गावर सर्वांत कठीण ठिकाणी वीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर चढावे लागते. निलगिरीच्या रेल्वेत अशा चढणीसाठी रुळांच्या मधोमध दाते असलेली पट्टी टाकली आहे आणि इंजिनाचे दातेरी चाक तिला धरून चढते. दार्जिलिंगला गाडी मागेपुढे करीत आणि गिरक्या घेत उंची गाठते. माथेरानला यांपैकी काहीही नाही. येथे मार्ग लांबवून चढण सुसह्य केली आहे. घोड्याच्या नालासारखी वळणे घेत घेत सुमारे एकवीस किलोमीटरचा फेरा पडतो. जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्टेशने मागे टाकीत गाडी माथ्यावर येते. साऱ्या मार्गावर बोगदा एकच.

आता प्रश्न इंजिनाचा. चढण ओढायची तर चाके जास्त हवीत, म्हणजे रुळांवर पकड बसते. पण जास्त चाके एका ताठ चौकटीत बसविली तर आखूड वळणावर ती रुळांना घासतात किंवा रुळांवरून उतरतात. हा पेच जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याने बांधलेल्या चार इंजिनांत सोडविला होता. प्रत्येक इंजिनाला सहा चाके होती. पुढचा आणि मागचा आस पोकळ केलेला होता. त्या पोकळ नळीच्या आत दुसरा भरीव आस होता आणि दोन्ही मध्यभागी एका गोलकाने जोडलेले होते. आतला आस ताठ राहून शक्ती देई आणि बाहेरची नळी चाकांसकट वळणाप्रमाणे किंचित तिरपी होई. या युक्तीला तिच्या शोधकांच्या नावाने क्लीन-लिंडनर रचना म्हणतात. भूमितीचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही रचना एकदा कागदावर काढून पाहावी. वर्तुळ आणि स्पर्शिका पुस्तकातून उठून डोंगर कसा चढतात, ते ध्यानात येईल.

७३८ ते ७४१ या क्रमांकांची ही इंजिने पाऊण शतकाच्या आसपास राबली. त्यांना राबविणे हे सोपे काम नव्हते. वाफेचे इंजिन कळ दाबताच सुरू होत नाही. आग पेटवून बॉयलरमधील पाण्याची वाफ पुरेशा दाबाला यायला तास-तास लागतात. फायरमनने कोळसा एका जागी न टाकता सर्वत्र पातळ पसरायचा असतो. पाण्याची पातळी काचेच्या नळीत सतत पाहायची. ती खाली गेली आणि फायरबॉक्सचा माथा उघडा पडला, तर मोठा अनर्थ ओढवतो. कठीण पाण्याचा खवला आत साचतो, म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवावा लागतो. उताराची जबाबदारी तर चढणीहून मोठी. या गाडीत डब्याडब्यावर ब्रेक लावणारी माणसे बसत. इंजिनाची शिटी ऐकून ती सर्वांनी एका वेळी ब्रेक आवळायचे. एक माणूस चुकला तर भार दुसऱ्यावर. हा रिवाज वाफेचे दिवस संपल्यानंतरही टिकला आणि २०१६ च्या घसरणीनंतर हवेच्या दाबाचे ब्रेक बसविण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर ही रेल्वे मध्य रेल्वेकडे आली. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीहून डिझेल इंजिने आली आणि १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी जुन्या वाफेच्या इंजिनांना विश्रांती मिळाली. त्यांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन इंग्लंडात लेटन बझर्ड येथील छोट्या रेल्वेच्या संग्रहात पोचले. ही रेल्वे १९१९ मध्ये वाळूच्या खाणींसाठी बांधलेली. खाणींचा माल मोटारींकडे गेल्यावर तेथील हौशी मंडळींनी ती वाचविली. नोकरी-धंदा सांभाळून सुटीच्या दिवशी अंगावर तेलकट कपडे चढवून ही मंडळी रूळ दुरुस्त करतात, बॉयलर घासतात आणि तिकिटेही विकतात. नव्या मुलांना हे काम जुनी माणसे शिकवितात. आपल्या डोंगरावरचे इंजिन त्यांना मोलाचे वाटले, ही गोष्ट आपल्याला विचार करायला लावणारी आहे.

माथेरानची वाफ मात्र अगदीच विझली असे नाही. चालू शतकाच्या आरंभी दार्जिलिंगचे ७९४ क्रमांकाचे इंजिन नेरळला आणले गेले आणि त्यात कोळशाऐवजी तेल जाळण्याची सोय करण्यात आली. येथे एक भेद लक्षात घ्यावा. चबुतऱ्यावर रंग देऊन उभे केलेले इंजिन आणि चालते इंजिन यांत फार अंतर आहे. पहिल्याला झाडू आणि रंगाचा ब्रश पुरतो. दुसऱ्याला फिटर लागतो, बॉयलरचे काम जाणणारा मिस्त्री लागतो, न मिळणारा सुटा भाग नव्याने ओतून आणि कातून देणारा कारागीर लागतो. कारागीर निवृत्त झाला आणि त्याच्या हाताखाली कोणी तयार झाले नाही, की चालते इंजिन हळूहळू चबुतऱ्याकडे जाऊ लागते. जतन वस्तूचे करावे लागते, तितकेच हुन्नराचेही करावे लागते.

शिवाय इंजिनाइतकाच मार्गही सांभाळावा लागतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयंकारी पावसाने हा मार्ग ठिकठिकाणी वाहून नेला. तो दुरुस्त होऊन मार्च २००७ मध्ये, म्हणजे शताब्दीच्या तोंडावर, गाडी पुन्हा धावली. मे २०१६ मध्ये आठवडाभरात दोनदा डबे घसरले आणि गाडी बंद झाली. अमन लॉज ते माथेरान ही फेरी ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि संपूर्ण मार्ग जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा घाला घातला. नेरळहून गाडी परत निघाली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. प्रत्येक वेळी 'आता ही गाडी कायमची गेली' असे बोलले गेले आणि प्रत्येक वेळी गँगमन, चावीवाले, मुकादम आणि इंजिनिअर यांनी डोंगराशी झुंज देऊन ती परत आणली. आजही पावसाळ्यात नेरळहून गाडी सुटत नाही, फक्त अमन लॉज ते माथेरान एवढ्याच टप्प्यावर ती धावते. माथेरानात मोटारींना बंदी असल्यामुळे ही गाडी प्रवाशांच्या मौजेपुरती नाही, डोंगरावर राहणाऱ्यांच्या रोजच्या गरजेचीही आहे.

भारताच्या डोंगरी रेल्वेंपैकी दार्जिलिंगला १९९९ मध्ये, निलगिरीला २००५ मध्ये आणि कालका-शिमल्याला २००८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. माथेरानचे नाव संभाव्य यादीपर्यंत पोचले आहे. मान मिळेल तेव्हा मिळेल. पण या गाडीचा वारसा ज्यांचा आहे, त्यांनी तो ओळखण्यासाठी कोणाच्या प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.

सुजाण पालकहो, आपल्या समाजात सदका-ए-जारियाची कल्पना सर्वांना परिचित आहे. विहीर खणावी, झाड लावावे, मदरसा बांधावा. देणारा गेला तरी त्याचे पुण्य वाहते राहते. माथेरानची रेल्वे हा धर्मादाय नव्हता, धंदा होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु या धंद्यातून चार पिढ्यांच्या हमालांना, घोडेवाल्यांना, दुकानदारांना आणि रेल्वे कामगारांना भाकरी मिळाली. आदमजींचे निधन १९१३ मध्ये झाले, म्हणजे सुरू झालेली गाडी त्यांना जेमतेम सहा वर्षे पाहता आली. तिचा खरा लाभ पुढच्यांनीच घेतला.

म्हणून आपल्या मुलांना माथेरानला न्याल तेव्हा नुसते घोडा आणि चिक्की यांवर सहल संपवू नका. नेरळला उभे असलेले जुने इंजिन त्यांना जवळून दाखवा. पीरभॉय पितापुत्रांची नावे त्यांच्या वह्यांत लिहून घ्या. कुर्डुवाडीला, जेथे एके काळी बार्शी लाइटची कामे होत, त्या कारखान्यात माथेरानच्या डब्यांचीही कामे होतात, हे त्यांना सांगा. आय. टी. आय. मधील फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या विद्येला आपल्याकडे अजून दुय्यम लेखले जाते. मुलगा डॉक्टर झाला नाही की घर निराश होते. परंतु डॉक्टरांना आणि वकिलांना घेऊन जी गाडी डोंगर चढते, ती फिटरच्या हातावर चढते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच सांगणे आहे. आदमजींनी पैसा घातला, अब्दुल हुसेन यांनी वर्षे घातली, कॅलथ्रॉप यांनी विद्या घातली आणि ज्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत अशा मजुरांनी घाम घातला. या चारांपैकी एक जरी कमी पडला असता तर नेरळला आज छोटे रूळ दिसले नसते. तुमच्याजवळ यांतले जे असेल ते घाला. इल्म आणि हुन्नर या दोन रुळांवर समाजाची गाडी चालते. दोहोंतील अंतर बिघडू देऊ नका, म्हणजे कितीही चढण असली तरी ती वर पोचेल.